फेल्टचा वाघ, पोटात वऱ्हाडी कापूस

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. ओलावा, उष्णता व घर्षण यांमुळे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून ते तयार होते. म्हणूनच कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत व कडा न दुमडता बाहेरून शिवता येते. बालपणी पोलिओने अधू झालेल्या जर्मनीच्या मार्गारेट श्टाइफ यांनी १८८० च्या सुमारास टाचण्या खोचण्यासाठी फेल्टचे हत्ती केले. मुलांनी ते खेळायला घेतले.

यवतमाळ जिल्ह्यात वाघ शिवणे अधिक औचित्याचे. टिपेश्वर अभयारण्य येथलेच आणि कापूसही येथलाच. कागदी नमुन्यावरून दोन सारखे तुकडे कापावेत. डोळे व पट्टे आधीच दोऱ्याने भरून घ्यावेत. मग कडेने ब्लँकेट टाका घालताना पोटापाशी दोन बोटे जागा उघडी ठेवावी. सरकी काढून पिंजलेला कापूस थोडा थोडा, प्रथम पायांत, नंतर पोटात भरावा. एकदम कोंबल्यास गाठी होतात. अखेरीस उघडी जागा शिवून टाकावी.

डोळ्यांसाठी बटणे वा मणी मात्र टाळावेत. ते निसटल्यास तान्ह्या मुलाच्या घशात अडकू शकतात. कापूस भिजल्यास त्याचे गोळे होतात. म्हणून खेळणे धुऊ नये, ओलसर फडक्याने पुसावे.