निलगिरीतील रक्तनमुने, आसामातील रुग्ण

1952 साली भारतात सिकलसेलची नोंद दोनदा झाली. हर्मन लेहमन व मेरी कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासी समूहांत अशा तांबड्या पेशी आढळल्या, ज्या प्राणवायू कमी होताच विळ्यासारख्या वाकतात. त्याच वर्षी डनलॉप व मुझुमदार यांनी वरच्या आसामातील चहामळ्यांच्या मजुरांमध्ये प्रत्यक्ष आजार नोंदवला. हे मजूर बिहार-ओरिसाकडील आदिवासी समाजांतून तेथे आलेले होते. पहिली नोंद सर्वत्र उद्धृत होते, दुसरीचा उल्लेख झालाच तर ओझरता.

लेहमन यांचा प्रश्न मानववंशशास्त्राचा होता. हा गुणधर्म आफ्रिकेत आहे आणि निलगिरीतही आहे, तर या लोकांचे मूळ कोणते? पुढची कित्येक दशके संशोधक त्याच वाटेने गेले. जमातींमागून जमातींचे रक्त तपासले गेले, वाहकांच्या टक्केवारीचे तक्ते छापले गेले. 1958 मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांची नोंद प्रसिद्ध केली. उत्पत्तीचा वाद आजही पुरता मिटलेला नाही. ज्यांचे रक्त घेतले, त्यांना मात्र आपल्या रक्तात काय आहे हे क्वचितच सांगितले गेले असावे.

एरवी या आजाराचा इतिहास आम्हा भौतिकशास्त्रज्ञांच्या अभिमानाचा विषय. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये विद्युत्‌क्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकते हे दाखवले आणि ‘रेणूचा आजार’ ही कल्पनाच जन्माला आली. पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्रम यांनी नेमका दोष शोधला: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, एका साखळीत एवढाच फरक. इतक्या बारकाईने समजलेले आजार त्या काळी दुसरे नव्हते.

आणि तरीही भारतात दीर्घकाळ असे मानले गेले की आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो. त्याला आधार होता. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकते आणि ते पेशींना वाकण्यापासून काही अंशी वाचवते. पण मोजमाप करणाऱ्या कोणालाही येथे शंका यायला हवी. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग काही तासांत जीव घेतो. जे मूल निदानापूर्वीच तापाने गेले, ते रुग्णालयाच्या नोंदवहीत येतच नाही. जगलेल्यांची सरासरी काढली की आजार सौम्य दिसणारच. विदर्भातील बालरुग्णांच्या नोंदींनी पुढे या समजाला चांगलाच धक्का दिला.

अशा मृत्यूंवर उपाय अवघड नव्हता. 1986 मध्ये अमेरिकेतील चाचणीत लहान मुलांना रोज पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्यावर हा संसर्ग 84 टक्क्यांनी घटला. मात्र त्यासाठी जन्मतःच निदान हवे, गोळ्यांचा पुरवठा अखंड हवा आणि ताप आल्यावर गाठता येईल असा दवाखाना हवा. म्हणजे नेमके तेच, जे आदिवासी पाड्यांवर सर्वांत दुर्मीळ आहे.

1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सरकारी आकड्यांनुसार अनुसूचित जमातींत दर 86 जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट आहे. त्याच नोव्हेंबरात ब्रिटनने या आजारावरील क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठेवली गेली.

अभियानाचे मी मनापासून स्वागत करतो. धास्ती आहे ती तपासणीनंतर हाती येणाऱ्या कार्डाची. वाहक आणि रुग्ण यांतील फरक समजावल्याविना ते दिले, तर निरोगी वाहक मुलीचे लग्न मोडायला ते पुरेसे आहे. वाहकाला उपचार लागत नाहीत. प्रश्न उद्भवतो तो दोघेही वाहक असल्यास, आणि तेव्हाही प्रत्येक गर्भारपणात आजाराची शक्यता चारात एक असते. हे तिच्या बोलीत, तिच्या घरच्यांसमोर बसून सांगणारा माणूस गावोगावी लागेल, आणि तपासणीच्या दैनंदिन आकडेवारीत त्याच्या कामासाठी रकाना हवा.