रिकाम्या डब्याचे मोल

आयात घटली की देशाचा पैसा वाचला, असे आपण सहज म्हणतो. न्हावा-शेवाचा अनुभव मात्र निराळा आहे.

१९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ डबे एका जहाजावर चढवले आणि कंटेनरचे युग सुरू झाले. नवी मुंबईलगतचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, तेही याच युगाचे अपत्य. इथला हिशेब साधा आहे. आयातीचा माल उतरला की रिकामा झालेला तोच डबा निर्यातीला मिळतो.

२०२० च्या टाळेबंदीत आयात रोडावली आणि डबेही आटले. चीन-अमेरिका मार्गावर भाडे जास्त मिळू लागल्याने जहाज कंपन्यांनी रिकामे डबे तिकडे वळवले. त्यात मार्च २०२१ मध्ये सुएझ कालवा सहा दिवस अडला. जहाजभाडे काही पटींनी वाढले.

यंत्राचे सुटे भाग गोदामात थांबू शकतात, नाशिकची द्राक्षे थांबत नाहीत. भाडे वाढले की त्याची झळ बागेतल्या भावापर्यंत पोहोचते. येणारा आणि जाणारा माल एकाच डब्यातून प्रवास करतो, हे त्या टंचाईने शिकवले.