गुड फ्रायडेची तारीख दर वर्षी का बदलते? आणि त्या दिवशी ‘हॅपी’ का म्हणू नये?

बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला संत मन्मथस्वामींच्या समाधीस्थळी कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते. ही पौर्णिमा २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला होती, तर २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला. तारीख बदलली म्हणून भाविक गोंधळत नाहीत, कारण यात्रा तिथीने भरते हे त्यांना ठाऊक असतं. गुड फ्रायडेचंही असंच आहे. नाताळ २५ डिसेंबरलाच येतो. गुड फ्रायडे मात्र २० मार्च ते २३ एप्रिल यांमध्ये कधीही येऊ शकतो. २०२४ मध्ये तो २९ मार्चला होता, २०२५ मध्ये १८ एप्रिलला आणि २०२६ मध्ये ३ एप्रिलला.

यामागचं कारण बायबलमध्ये आहे. येशू ख्रिस्ताला वधस्तंभावर खिळलं ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, आणि हा सण वसंतातल्या पौर्णिमेला येतो. शुक्रवारी मृत्यू झाला आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, येशूचं पुनरुत्थान झालं अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. तो रविवार म्हणजे ईस्टर. सर्व ख्रिस्ती लोकांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, असं इ. स. ३२५ मधल्या नायसियाच्या धर्मसभेत ठरलं. पुढे रूढ झालेला नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा पहिला रविवार ईस्टर आणि त्याच्या दोन दिवस आधीचा शुक्रवार गुड फ्रायडे. पौर्णिमाच रविवारी आली, तर ईस्टर पुढच्या रविवारी जातो.

हे आपल्या कालनिर्णयावरही ताडून पाहता येतं. पौर्णिमा मार्चअखेरीस आली तर गुड फ्रायडे बहुधा होळीच्या आसपास येतो, जसा २०२४ मध्ये आला होता. नाहीतर तो हनुमान जयंतीच्या आसपास येतो. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि गुड फ्रायडे दुसऱ्याच दिवशी. २०१९ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, १९ एप्रिलला होते.

त्या वर्षी २१ मार्चलाही पौर्णिमा होती, मग ती का धरली नाही? कारण चर्च आकाशातला चंद्र न पाहता आपल्या ठरलेल्या कोष्टकातली पौर्णिमा मानतं, आणि कोष्टकात ती २० मार्चला पडली होती. एका दिवसाच्या फरकाने सण महिनाभर पुढे गेला! पूर्वेकडची बरीच ऑर्थोडॉक्स चर्च आजही जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरतात, म्हणून त्यांचा २०२६ चा गुड फ्रायडे १० एप्रिलला.

या दिवसाआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. भस्म बुधवारी कपाळाला राख लावून तो सुरू होतो. मधले रविवार त्यात मोजत नाहीत. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. वेदीवरची वस्त्रं, मेणबत्त्या काढलेल्या असतात, घंटा वाजत नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास येशूच्या दुःखसहनाचं वाचन होतं, मग भाविक एकेक करून क्रुसाला वंदन करतात. ‘क्रुसाची वाट’ ही चौदा टप्प्यांची प्रार्थनाही होते. मांस वर्ज्य असतं, आणि १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांनी दिवसात एकच पूर्ण जेवण घ्यायचं असतं.

अहिल्यानगर, जालना भागातली बरीच मराठी मंडळी प्रोटेस्टंट परंपरेतली. त्यांच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना करण्याची पद्धत आहे, कारण शुभवर्तमानानुसार याच तीन तासांत अंधार पसरला होता. वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक करून प्रवचनं होतात. मध्ये मराठी गीतं गायली जातात, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) रचलेली भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात.

आता त्या ‘गुड’बद्दल. इंग्रजीत या शब्दाचा ‘पवित्र’ असा जुना अर्थ आहे, तोच इथे धरला जातो. मराठीत ‘उत्तम शुक्रवार’ किंवा ‘शुभ शुक्रवार’ म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो: सुट्टी दिसली, नावात ‘शुभ’ दिसलं, की फुलांच्या चित्रासह ‘हॅपी गुड फ्रायडे’ फॉरवर्ड होतं. ज्या घरात सकाळपासून उपवास आहे आणि दुपारी मृत्यूची आठवण काढली जाणार आहे, तिथे हा मेसेज खटकतो. ख्रिस्ती मित्राला काही लिहायचंच असेल, तर ‘आज तुमची आठवण आहे’ एवढं पुरे. शुभेच्छा रविवारी द्याव्यात, ‘हॅपी ईस्टर’ म्हणून.