छातीच्या फोटोतला डाग

सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्या, थुंकीत जंतू नसल्याचा कागद हातात आला, आणि त्याच आठवड्यात काढलेल्या छातीच्या फोटोखाली एक ओळ होती: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात फायब्रोसिस. "जुनी खूण आहे, ती राहणारच," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली आणि घरी येऊन फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहत बसलो. खांद्याजवळ, वरच्या कोपऱ्यात पांढरट धागे होते, कोळिष्टकासारखे. पुढे कित्येक महिने जिना चढताना दम लागला की वाटे, ते जाळं वाढलं असणार.

आमच्या घराला हा डाग नवा नव्हता. थोरल्या काकांनी १९६७ साली एका सरकारी नोकरीची परीक्षा आणि मुलाखत पार केली, पण वैद्यकीय तपासणीत छातीच्या फोटोने त्यांना परत पाठवलं. त्यांचा क्षय चार वर्षांपूर्वीच बरा झाला होता. त्यांनी जन्मभर एका किराणा दुकानात हिशेब लिहिले आणि ८४व्या वर्षी ते गेले, तेही हृदयविकाराने. घरात 'क्षय' हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'काकांच्या छातीत डाग आहे' एवढंच. काळजी वाटली की जुने कागद धुंडाळायचे ही माझी खोड. या डागाला एवढा अधिकार कुणी आणि कधी दिला, ते मी शोधू लागलो.

सुरुवातीला डाग ही चांगली बातमी होती. १९०० साली झुरिकच्या ओटो नेगेली यांनी शवविच्छेदनांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ प्रत्येक प्रौढ मृतदेहात त्यांना क्षयाची काही ना काही जुनी खूण सापडली, आणि त्यांतली कितीतरी माणसं दुसऱ्याच कारणाने गेलेली होती. चुना साचून कडक झालेल्या गाठी, आक्रसलेले व्रण. रोग आला, शरीराने त्याला कोंडून टाकलं, आणि माणूस पुढे जगला, असा त्यांचा अर्थ. औषधं येण्याआधीचे सगळे उपचारही याच दिशेने चालले होते. इटलीच्या कार्लो फोर्लानिनींनी छातीत हवा भरून फुप्फुस मिटवण्याची रीत काढली; नंतरचे शल्यविशारद बरगड्याच काढू लागले. पोकळी मिटावी आणि तिथे घट्ट व्रण तयार व्हावा, एवढीच आशा. मिरज किंवा पाचगणीच्या सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने पडून राहणारा रोगी हा व्रण मिळवण्यासाठीच पडून असे.

१८९५ मध्ये रोंटगेनला क्ष-किरण सापडले आणि ती खूण जिवंत माणसाच्या छातीत दिसू लागली. गोंधळ इथून सुरू झाला. मृतदेहातली गाठ कापून पाहता येते. फोटोत मात्र हवा काळी आणि घट्ट ते पांढरं, एवढाच हिशेब. चालू रोगही पांढरा आणि बरा झालेला व्रणही पांढरा. फरक वाचणाऱ्याच्या नजरेवर.

आणि ती नजर किती भरवशाची? १९४७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हेतू साधा होता: छातीच्या फोटोचे चार प्रकार, मोठ्या फिल्मपासून छोट्या फिल्मपर्यंत, त्यांतला कोणता चांगला ते ठरवायचं. १,२५६ माणसांचे फोटो पाच अनुभवी डॉक्टरांना वाचायला दिले. निष्कर्ष भलताच निघाला. फिल्मफिल्ममध्ये जेवढा फरक होता, त्याहून अधिक फरक वाचणाऱ्यांमध्ये होता. एवढंच नव्हे, तोच फोटो त्याच डॉक्टरासमोर पुन्हा ठेवला तर तो स्वतःशीच असहमत होई. पुढे याच गटातल्या याकोब येरुशाल्मी यांनी माझ्यासारख्याच्या थेट जिव्हाळ्याचा प्रश्न तपासला: एकाच रोग्याचे दोन वेळचे फोटो शेजारी ठेवले, तर डाग वाढला की कमी झाला हे तरी नीट सांगता येतं का? दोन डॉक्टरांचं मत सुमारे एक तृतीयांश वेळा जुळेना. हे वाचून मी आधी हसलो, मग काकांच्या तपासणीचा विचार करून हसू थांबलं.

१९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनची विख्यात ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्या आखणीतही ही शंका दिसते. ५५ रोग्यांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. फोटोतली सुधारणा तीन तज्ज्ञांनी वेगवेगळी ठरवली, आणि कुणाला औषध मिळालं हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ दगावले, दुसऱ्या गटातले १४.

फोटोचं राज्य खऱ्या अर्थाने हललं ते आपल्याकडे. १९५६ मध्ये मद्रासला वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतल्या रोग्यांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. घरच्यांचं जेवण निकृष्ट, विश्रांती कमी, खोल्या कोंदट. तरी १९५९ मध्ये आलेले निकाल जवळपास सारखेच होते. रोगी बरा झाला की नाही, याचा मुख्य कौल थुंकीतल्या जंतूंचा. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला तोही थुंकीच्या तपासणीवर भर देऊन. म्हणजे ज्या देशाने डागापेक्षा थुंकी खरी असं ठरवलं, त्याच देशातल्या एका कचेरीने पाच वर्षांनी माझ्या काकांची थुंकी न तपासता डाग पाहून त्यांना घरी पाठवलं. माझी या प्रकरणातली तक्रार एवढीच आणि ती आता फार जुनी झाली आहे.

पण थुंकीच्या बाजूने हिरिरीने लिहीत असताना मला दुसरी बाजू अडवत राहिली. थुंकी स्वच्छ म्हणजे रोगी बरा, नोंदवही बंद. त्यानंतर त्याच्या दमाचं काय झालं, हे वहीत लिहायला रकाना नव्हता. औषध जंतू मारतं. गळून गेलेलं फुप्फुस परत उगवत नाही. १९६८ साली ब्रिटनमध्ये क्षय बरा होऊन छातीत पोकळी राहिलेल्या ५४४ जणांची तपासणी झाली, तेव्हा ११ टक्क्यांच्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढलेला निघाला. अशा माणसाला वर्षांनंतर खोकल्यातून रक्त पडतं, आणि टीबी उलटला असं समजून पुन्हा त्याच गोळ्या सुरू होऊ शकतात. २००० साली दक्षिण आफ्रिकेतल्या २७,६६० सोन्याच्या खाणकामगारांचा अभ्यास आला. एकदा क्षय होऊन बरे झालेल्यांपैकी १८.४ टक्क्यांच्या श्वासाला कायमचा अडथळा, दोनदा झालेल्यांत २७.१, तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांत ३५.२. त्यातला मला धीर देणारा भाग असा की नुकसान मुख्यतः निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतं आणि सुमारे वर्षभराने स्थिरावतं. क्षयानंतरच्या फुप्फुसविकारावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती २०१९ मध्ये, स्टेलनबॉशला. स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर ७१ वर्षांनी.

मराठी वाचकाला या उरलेल्या फुप्फुसाचं एक उदाहरण चांगलं ठाऊक आहे. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ च्या जानेवारीत देवासला गेले. भानुमतीबाईंच्या शुश्रूषेने आणि नव्याने आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले, १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत बसले आणि १९९२ पर्यंत गायले. फुप्फुसाचं नुकसान मात्र कायम राहिलं. त्यांच्या गाण्यातले छोटे, अचानक उसळणारे स्वरसमूह याच फुप्फुसामुळे, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. तान लांबवता येत नाही, हे फुप्फुस सांगेल. ती नेमकी कुठे तोडायची आणि तोडल्यावर किती वेळ गप्प राहायचं, हे फुप्फुस सांगत नाही. त्या सक्तीच्या विश्रांतीत माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकलेला माणूस ते ठरवत होता.

वर्षानंतर मी दुसरा फोटो काढला. डॉक्टरांनी पहिला मागितला, दोन्ही उजेडाच्या पेटीवर शेजारी लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला येरुशाल्मी आठवत होते. मग म्हणाले, "आहे तसंच आहे. पण दम किती आहे ते फोटोत दिसत नाही." शेजारच्या खोलीत नळीत फुंकायला लावलं, तिथली मुलगी "अजून, काका, अजून, अजून" म्हणत होती. आकडा अपेक्षेपेक्षा थोडा कमी आला. श्वासाचे व्यायाम लिहून मिळाले, आणि वर्षाने पुन्हा फुंकायला यायची तारीख.

निघताना त्यांनी जुनी फिल्म माझ्या हातात परत दिली. "ही टाकू नका. पुढच्या वेळी हिच्याशीच ताडून पाहायचंय." दोन्ही फिल्म्स आता कपाटात, विम्याच्या कागदांखाली आहेत.