अणुवीज कुठून सुरू होते?

कोकणातल्या नियोजित जैतापूर अणुवीज प्रकल्पाचे समर्थक नेहमी म्हणतात की अणुवीज धूर सोडत नाही, कोळशाच्या मानाने ती स्वच्छ आहे आणि प्रकल्पाशेजारच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांची भीती अज्ञानातून आलेली आहे. यातले पहिले विधान मला मान्य आहे. अणुभट्टी चालताना कार्बन जवळजवळ बाहेर पडत नाही. पण मोजणी प्रकल्पाच्या जागेपासून, म्हणजे माडबनच्या सड्यापासून, सुरू केली तरच 'स्वच्छ' हा शब्द टिकतो. ती युरेनियमच्या खाणीपासून सुरू करायला हवी.

डिसेंबर 2010 मध्ये जैतापूरसाठी अरेवा या फ्रेंच कंपनीशी करार झाला, तेव्हा अणुभट्ट्यांबरोबर 25 वर्षांच्या इंधनाचीही बोली होती. नायजर देशातल्या अर्लीत गावी फ्रेंच कंपन्या 1971 पासून युरेनियम काढत होत्या आणि पुढे त्या खाणी अरेवाकडे आल्या. त्याच अर्लीतमध्ये जन्मलेल्या अमिना वेइरा यांनी 2016 साली एक माहितीपट केला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'वाऱ्यातला संताप'. त्यांचे वडील खाणकामगार. ते आणि त्यांचे निवृत्त सोबती कॅमेऱ्यासमोर बसून आपल्या आयुष्याचा हिशेब सांगतात, आणि मधूनच वाळूचे वादळ उठून सगळे गाव लाल धुळीत बुडते. ती धूळ पाहिल्यावर 'स्वच्छ' हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ही एका लेकीची आठवण आहे, पुरावा नव्हे. पण अर्लीतच्या शेजारच्या अकोकान वस्तीत 2009 साली ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने मोजणी केली, तेव्हा रस्त्यावर काही ठिकाणी किरणोत्सार नेहमीच्या शेकडो पट आढळला. तिथली भूमिगत खाण 2021 मध्ये बंद झाली आणि सुमारे 2 कोटी टन किरणोत्सारी गाळ तिथेच उघड्यावर राहिला. वडिलांच्या पिढीची साक्ष आणि यंत्राचे आकडे इथे एकाच दिशेला बोट दाखवतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारत कझाकस्तान, कॅनडा, रशियाकडूनही युरेनियम घेतो. मग नायजर मध्ये कशाला? मान्य. पण खनिज कुठल्या तरी गावाच्या खालूनच निघते. आपल्या देशातही झारखंडमधल्या जादूगोड्याच्या युरेनियम खाणीजवळच्या आदिवासींनी हे भोगले आहे. श्रीप्रकाश यांनी 1999 साली त्यावर माहितीपट केला. पुरवठादार बदलला म्हणून गाळ नाहीसा होत नाही, फक्त पत्ता बदलतो.

आणि आफ्रिकेचा इतिहास हा आपला विषयच नाही, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते: नायजर 1960 साली स्वतंत्र झाला, पन्नास वर्षे त्याच्या मातीतून फ्रान्सच्या दिव्यांसाठी इंधन निघाले, तरी तिथल्या पाचांपैकी एकाच्याही घरी धड वीज का पोहोचली नाही? प्रकल्पासाठी जमीन देणाऱ्या प्रत्येक गावाने हा प्रश्न आधी विचारायला हवा. नाट्याच्या माणसांनी तो विचारला. 18 एप्रिल 2011 रोजी तिथे प्रकल्पविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एका मच्छीमाराचा जीव गेला. त्या माणसांना अज्ञानी म्हणणाऱ्यांनी अर्लीतच्या म्हाताऱ्या कामगारांचे बोलणे एकदा शेवटपर्यंत ऐकावे.

वेइरा यांचा माहितीपट मराठी निवेदनासह प्रकल्पाच्या परिसरातल्या नाटे, माडबन आणि मिठगवाणे या गावांत दाखवावा, अशी माझी मागणी आहे. प्रकल्पाच्या समर्थकांनीही तेव्हा यावे, पुढच्या रांगेत बसावे आणि दिवे लागल्यावर गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत.