आत्याला पाठ असलेली पुस्तकं

रहस्यकथेचं जुनं पुस्तक हाती आलं की मी आधी त्याचा कणा तपासते. लोखंडी पिना मारलेल्या असतील तर गंज दोन्हीकडच्या पानांत उतरलेला असतो आणि कागद नेमका तिथेच तुटतो. पिना अलगद उचकटून काढायच्या, गंजाची भुकटी मऊ ब्रशने झाडायची आणि जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवून पानं पुन्हा शिवायची. चिकटपट्टी लावायची नाही. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी पडतो आणि खालची अक्षरं घेऊन निघतो. फाटलेल्या कडेला पातळ कागद आणि मैद्याची खळ पुरते. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की कसर लागत नाही.

हे मला आईच्या वडिलांनी शिकवलं. आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. ते सांगायचे, रहस्यकथेचं हस्तलिखित सगळं एकदम कधी यायचंच नाही. पंधरा-वीस कागद आज, उरलेले परवा. त्यात मजकूर चार-पाच जणांत वाटून दिलेला, त्यामुळे एकाच्या हातात पाठलाग तर दुसऱ्याच्या हातात त्याच्या आधीचं प्रेत. चहाच्या सुट्टीत सगळे गॅलीभोवती जमायचे आणि एकमेकांना विचारून गोष्ट सलग करून घ्यायचे. खुनी कोण यावर पैजा लागायच्या. एकदा शेवटचे कागद रात्री उशिरा आले, तर घरी जायचं सोडून मंडळी थांबली. जादा कामाचे पैसे मिळणार नव्हते, तरी थांबली.

छापखान्यांकडे तेव्हा खिळे बेताचेच असत. सोळा पानांचा एक फर्मा छापून झाला की खिळे सोडवून परत खणांत टाकायचे आणि त्यांतूनच पुढचा फर्मा जुळवायचा. म्हणजे पुस्तक पुरं होईपर्यंत त्याची पहिली पानं मोडलेली असत. हातोहात खपलं तर दुसऱ्या आवृत्तीसाठी सगळं नव्याने जुळवणं आलं. म्हणून एकाच कथेच्या दोन आवृत्त्यांत ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, पानांची संख्या बदलते, एखाद्या पात्राचं नावही मध्येच वेगळं पडतं. शेवटच्या फर्म्यात पानं उरली तर जाहिराती. कमी पडत असली तर लेखकाला निरोप जायचा, शेवट आवरा. काही कथांमधला खुनी शेवटच्या दीड पानात घाईघाईने का पकडला जातो, हे मला आजोबांमुळे कळलं.

त्यांच्या वडिलांना मात्र ही पुस्तकं फारशी मानवत नसत. ती पिढी दातारशास्त्री आणि नाथमाधवांवर वाढलेली. विलायतेतल्या रेनॉल्ड्सने एकोणिसाव्या शतकात भराभर लिहिलेल्या, तळघरांनी आणि कटकारस्थानांनी भरलेल्या कादंबऱ्या आपल्याकडे रूपांतरित होऊन आल्या. गोविंद नारायणशास्त्री दातारांची ‘कालिकामूर्ती’ त्याच वाटेने आली. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, ऐन तारुण्यात शिकारीला गेले असताना कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली लुळे झाले. १९१३ची ‘वीरधवल’ त्यानंतरची आहे. तिच्यातलं साहस वाचताना हे माझ्या मनातून जात नाही. पणजोबा ‘वीरधवल’ मोठ्याने वाचत आणि बायका माजघराच्या दाराआड उभ्या राहून ऐकत. वाचता वाचता ते मुद्दाम थांबले की आतून भांड्याचा आवाज यायचा, पुढे चला म्हणून.

मग आले बाबुराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून जास्त रहस्यकथा या एका माणसाने लिहिल्या. धनंजय आणि छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. काळा पहाड आणि झुंजार यांची जातकुळी वेगळी, ते कायद्याची वाट सोडून दुर्जनांना धडा शिकवणारे. समीक्षेने या पुस्तकांकडे पाठ फिरवली, आणि मला ते आजही अन्यायाचं वाटतं. गिरणीतून सुटल्यावर दिव्याखाली बसून अक्षर अक्षर लावत झुंजार वाचणारी माणसं आजोबांनी पाहिली होती. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात वाचलेलं पहिलं पुस्तक तेच होतं.

आत्या गिरगावातल्याच चाळीत वाढली. तिथे लायब्ररीतून पुस्तक एका रात्रीच्या बोलीवर यायचं. भाडं चार घरांनी मिळून भरायचं आणि रात्रीचे तास वाटून घ्यायचे. पहिला नंबर समोरच्या खोलीतल्या मैत्रिणीचा, कारण तिचा भाऊ पुस्तक आणायचा. मग शेवटच्या खोलीतले मास्तर. मग दोघे भाऊ, एकाच वेळी, एक डावं पान वाचणारा आणि एक उजवं. आत्याच्या वाट्याला पहाट यायची. नळाला पाणी यायच्या आत, वडील उठायच्या आत, जिन्यातल्या दिव्याखाली बसून ती पुस्तक संपवायची. घरी सापडलं असतं तर शाळा बंद झाली असती. पुस्तक पुन्हा हाती येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे ती ते लक्षात ठेवूनच वाचायची. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मैत्रिणींना अख्खी कथा संवादांसकट सांगायची.

अर्नाळकरांच्या या मंडळींना चेहरे दिले रघुवीर मुळगावकरांनी (१९१८–१९७६). मूळचे गोव्याचे. फवाऱ्याने रंग इतका तलम उतरवायचे की नायिकेच्या गालावरचा उजेड नेमका कुठल्या बाजूने येतोय ते कळावं. ती मुखपृष्ठं आता मिळणं महाकठीण, आणि त्याचं कारण मला दादरच्या एका लायब्ररीवाल्या काकांनी सांगितलं. नवं पुस्तक आलं की ते आधी वरचं चित्र सोडवून घ्यायचे, पुस्तकाला जाड पुठ्ठा बांधायचे आणि कडा कातरायचे. पुठ्ठ्याशिवाय पुस्तक महिनाभरही टिकलं नसतं. चित्र दुकानाच्या दाराला चिकटवायचे, गिऱ्हाईक थांबावं म्हणून. पावसाळ्यात ती चित्रं भिजून खाली आली की केरात. “ताई, चित्र कोण जपतंय तेव्हा? लोकांना गोष्ट हवी होती,” काका म्हणाले. पुठ्ठ्यामुळे पानं वाचली, चित्रं गेली. आज मूळ मुखपृष्ठासह एखादी प्रत दिसली तर आतली चार पानं कमी असली तरी मी ती घेतेच.

भीतीचं खातं काकांनी वेगळ्या कपाटात ठेवलं होतं. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ या मासिकांच्या जोडीला ‘नवल’ काढलं. अद्भुत, गूढ, भयावह असं सगळं त्यात यायचं, आणि त्याचे जुने अंक आजही मिळाले की मी घासाघीस करत नाही. मग नारायण धारप (१९२५–२००८). त्यांच्या कथांचे नायक समर्थ, त्यांचे कुजलेल्या वाड्यांतले अमंगळ रहिवासी. स्टीफन किंगच्या रक्तपिपासूंच्या कादंबरीवरून ‘लुचाई’ त्यांनी अशी काही मराठी मातीत रुजवली की मूळ वाचणाऱ्यालाही इथली रात्र वेगळी वाटते. काका सांगतात, धारपांची पुस्तकं लोक मुदतीच्या आतच, संध्याकाळीच आणून द्यायचे. वाचून झालं, आता रात्री घरात नको. ‘तुंबाड’ (२०१८) चित्रपटाच्या मुळाशी धारपांची एक कथा आहे हे कळल्यापासून तरुण मुलं त्यांना शोधत येतात. नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत. याचा मला फार आनंद आहे.

पोरांसाठी खालचा खण. १९५२पासून मराठीत येऊ लागलेला ‘चांदोबा’, आणि १९६४ साली सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’, वेताळ आणि मँड्रेकवाली. हे अंक हाती धड लागत नाहीत, मधली पानं बहुधा गायब.

पुढे गोव्याचे गुरुनाथ नाईक आले, गोलंदाज आणि कॅप्टन दीप घेऊन, आणि त्यांनीही हजाराचा आकडा ओलांडला. सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी आले. वाचक होतेच. मग १९८२नंतर रंगीत टीव्ही घराघरांत शिरला. काकांनी आधी एक फळी व्हिडिओ कॅसेटना दिली, मग अर्धं दुकान, आणि उरलेली पुस्तकं किलोवर काढली. त्या वजनातली काही मला पुण्याच्या जुन्या बाजारात, काही माटुंग्याच्या फुटपाथवर भेटली. शिक्क्यावरून ओळखते मी ती.

यांतल्या बऱ्याच पुस्तकांना नावच उरलेलं नाही. वरचं चित्र गेलेलं, पहिला फर्मा सुटलेला, पुठ्ठ्यावर फक्त लायब्ररीचा नंबर. अशा वेळी मी आत्याकडे जाते. तिला आता दिसत कमी, म्हणून मी वाचते. दोन पानं झाली की तिचा हात वर होतो. “थांब. ती बाई मेलेलीच नाहीये. पुढे बंगल्याच्या माळ्यावर सापडते, आणि घड्याळ चोरलंय ते दिवाणजीने.” मग मालिका कोणती, नायक कोण, हे ती सांगते, आणि नाव आठवलं तर तेही. मी चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवते. या साहित्याची एवढी भरवशाची सूची मला दुसरीकडे कुठे मिळालेली नाही.

एका पुस्तकापुढे मात्र तीही अडली. सुरुवात नाही, शेवट नाही. दीपगृह, रखवालदार आणि रोज रात्री येणारी एक होडी. “हे त्या रात्री माझ्यापर्यंत पोचलंच नसणार,” ती म्हणाली, आणि पहिला नंबर असणाऱ्या मैत्रिणीचा नाशिकचा फोन नंबर तिने मला दिला. मी फोनवरच तिसरं प्रकरण वाचून दाखवलं. होडीत कोण असतं ते त्या आजींनी लगेच सांगितलं, रखवालदाराचा मुलगा कसा सुटतो तेही सांगितलं. पुस्तकाचं नाव त्या धाकट्या बहिणीला विचारून कळवणार आहेत.