‘ग्रीन लँटर्न’ या चित्रकथेतील दोन स्थित्यंतरे आणि जुन्या वाचकांचा प्रतिसाद

दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकावाङ्मयात लेखक बदलतो, चित्रकार बदलतो, क्वचित नायकही बदलतो. वाचक मात्र पुष्कळदा तोच राहतो. अशा वेळी कथेचा प्रमाण पाठ कोणता आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न उपस्थित होतो. प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत या प्रश्नाचा ऊहापोह पाठचिकित्सकांनी भरपूर केलेला आहे. परंतु स्वस्त कागदावर, मुख्यतः मुलांसाठी छापल्या गेलेल्या चित्रकथांच्या बाबतीतही तो तितक्याच तीव्रतेने उद्भवतो, इकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ‘ग्रीन लँटर्न’ या सुपरहीरो-चित्रकथेच्या इतिहासातील दोन नायकबदलांची तुलना करावयाची आहे. पहिला बदल १९५९ मधील, दुसरा १९९४ मधील. पहिल्याचे जुन्या वाचकांतील बोलक्या मंडळींनी स्वागत केले. दुसऱ्याविरुद्ध वाचकांनी संघटना उभारली. एकाच कथेच्या वाचकवर्गाने वरवर पाहता सारख्याच बदलांना असा परस्परविरुद्ध प्रतिसाद का द्यावा, हा या लेखाचा विषय होय.

१

पहिला ग्रीन लँटर्न ‘ऑल-अमेरिकन कॉमिक्स’च्या सोळाव्या अंकात, जुलै १९४० मध्ये अवतरला. चित्रकार मार्टिन नोडेल व लेखक बिल फिंगर हे त्याचे कर्ते. नायकाचे नाव ॲलन स्कॉट. व्यवसायाने तो रेल्वे-अभियंता होता. एका जादूच्या हिरव्या दिव्यापासून घडविलेली अंगठी हे त्याचे सामर्थ्य आणि लाकडापुढे त्या अंगठीचे काही न चालणे हे त्याचे व्यंग. महायुद्धानंतर सुपरहीरोंची लोकप्रियता ओसरली आणि १९४९ मध्ये त्याच्या नावाचे मासिक बंद पडले.

दहा वर्षांनी संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ याने हे नाव पुन्हा उचलले. पण नावाखेरीज जुने फारसे काही ठेवले नाही. ‘शोकेस’ या नियतकालिकाच्या बाविसाव्या अंकात, १९५९ मध्ये, लेखक जॉन ब्रूम व चित्रकार गिल केन यांनी हॅल जॉर्डन हा नवा नायक पुढे आणला. हा चाचणी-वैमानिक होता. त्याची अंगठी जादूची नव्हती. ओआ या ग्रहावरील संरक्षकांनी विश्वाच्या रक्षणासाठी नेमलेल्या दलाची ती अधिकारमुद्रा होती. लाकडाच्या जागी पिवळा रंग हे तिचे व्यंग ठरले. जुन्यातून जे टिकले त्यांत अंगठीची शक्ती दिव्यासमोर भरून घेताना म्हणावयाची शपथ होती. पुढे जी हॅलची म्हणून सर्वतोमुखी झाली ती शपथ मुळात १९४० च्या दशकात ॲलन स्कॉटच्या तोंडी आलेली आहे. माणूस गेला, दिव्याची उपपत्ती गेली, शब्द तेवढे राहिले.

हा बदल जुन्या वाचकांनी का स्वीकारला? एक कारण उघड आहे. मुलांचा वाचकवर्ग काही वर्षांत पूर्ण बदलतो, असे त्या काळी संपादक गृहीत धरीत. दहा वर्षांच्या खंडानंतर बहुतेक बालवाचकांना ॲलन स्कॉट ठाऊकच नव्हता. परंतु हे कारण अपुरे आहे. कारण ज्यांना तो ठाऊक होता असे प्रौढ वाचक होते आणि तेच अधिक उत्साही होते. १९४० च्या दशकातील सुपरहीरोमंडळावर लहानपणापासून प्रेम करणाऱ्या जेरी बेल्स याने १९६१ मध्ये ‘आल्टर एगो’ हे वाचकांचे पत्रक सुरू केले. रॉय टॉमस हा तरुण शिक्षक त्यात त्याचा सहकारी होता. या मंडळींना नवे नको होते असे नाही. जुने विसरले जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

श्वार्ट्झने ते मान्य केले. ‘फ्लॅश’ मासिकाच्या १२३ व्या अंकात (सप्टेंबर १९६१) जुने नायक एका समांतर पृथ्वीवर नांदत आहेत, अशी योजना करण्यात आली आणि ‘ग्रीन लँटर्न’च्या चाळिसाव्या अंकात (ऑक्टोबर १९६५) ॲलन स्कॉट व हॅल जॉर्डन यांची भेट घडली. म्हणजे नवा पाठ आला, पण जुना पाठ प्रक्षिप्त ठरला नाही. दोन्ही पाठ प्रमाण ठरले.

२

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. याच काळात श्वार्ट्झने वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापण्याचा प्रघात सुरू केला. त्यामुळे एका गावातला वाचक दुसऱ्या गावातल्या वाचकाला परस्पर लिहू लागला. अंकांतील विसंगती दाखवून देणे, मागील अंकांचे संदर्भ देणे, नायकाच्या आयुष्याचा कालक्रम जुळविणे, हा एक व्यासंगच होऊन बसला. रॉय टॉमस तर पुढे स्वतः व्यावसायिक लेखक झाला. छापून गेलेल्या कथेचा अर्थ मागाहून आलेल्या कथेने बदलणे या युक्तीला ‘रेट्रोॲक्टिव्ह कंटिन्युइटी’ हे नाव त्याने १९८३ मध्ये ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’च्या पत्रव्यवहाराच्या पानावर छापले आणि ते एका संमेलनात भेटलेल्या वाचकाने सुचविल्याचे नमूद केले. त्याचेच ‘रेटकॉन’ हे संक्षिप्त रूप पुढे रूढ झाले. या क्षेत्रातील परिभाषेचा असा एक महत्त्वाचा शब्द वाचकाच्या तोंडून आला, ही गोष्ट सूचक आहे.

तात्पर्य, सर्व काही लक्षात ठेवणारा वाचक हा योगायोगाने निर्माण झालेला नाही. प्रकाशकांनी तो घडविला. अंकाअंकांचे धागे एकमेकांत गुंतवून ‘मागचे आठवा म्हणजे पुढचे कळेल’ असे त्याला तीस वर्षे शिकविण्यात आले आणि या शिकवणुकीवर अंक खपलेही.

३

१९९० च्या सुमारास परिस्थिती पालटली होती. १९९२ अखेर सुपरमॅनचा मृत्यू छापून प्रकाशकांनी प्रचंड खप मिळविला. १९९३ मध्ये बॅटमॅनचा कणा मोडण्यात आला. ‘ग्रीन लँटर्न’चा खप मंदावला होता. आधीच्या लेखकाची योजलेली कथा बाजूला ठेवून संपादकांनी रॉन मार्झ या तरुण लेखकाकडे एक नवीन आराखडा सोपविला. ४८ ते ५० या तीन अंकांत, जानेवारी ते मार्च १९९४ या अवधीत, तो पार पडला.

कथा थोडक्यात अशी. हॅल जॉर्डनचे कोस्ट सिटी हे शहर त्यातील सत्तर लक्ष रहिवाशांसह १९९३ मधील सुपरमॅन-कथेत उद्ध्वस्त झाले होते. शोकाने भ्रमिष्ट झालेला हॅल अंगठीच्या बळावर ते शहर पुन्हा उभे करू पाहतो. संरक्षक त्याला मना करतात. तेव्हा तो ओआकडे निघतो, वाटेत आपल्याच सहकाऱ्यांच्या अंगठ्या हिसकावतो, किलोवॉग या जुन्या स्नेह्याचा वध करतो आणि दिव्याचे सारे तेज शोषून ‘पॅरलॅक्स’ नामक खलपुरुष होतो. उरलेली एकमेव अंगठी कायल रेनर या तरुण चित्रकाराच्या हाती पडते.

जुन्या वाचकांचा संताप अनावर झाला. त्यांनी ‘हॅल्स एमरल्ड अटॅक टीम’ अशी संघटना स्थापिली (पुढे ‘अटॅक’च्या जागी ‘ॲडव्हान्समेंट’ हा सौम्य शब्द आला), पत्रांची मोहीम चालविली, ‘विझर्ड’ या व्यवसायातील प्रमुख मासिकात स्वतःच्या खर्चाने जाहिरात दिली. काहींची मजल लेखकाला धमक्या देण्यापर्यंत गेली. ही गोष्ट निंद्यच होय आणि तिने मूळ तक्रारीचे नुकसानच झाले.

तक्रार मात्र समजून घेण्याजोगी होती. ‘आमचा नायक मूळ होता, तो पुन्हा आणा’ असे पुष्कळांनी म्हटले. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. हॅल स्वतःच एकाच्या जागी आलेला होता. ‘मूळ’ या शब्दाचा येथील खरा अर्थ ‘मला प्रथम भेटलेला’ असा आहे. याला पुढे एक पुरावाही मिळाला. २००१ पासूनच्या ‘जस्टिस लीग’ या दूरदर्शन-मालिकेत जॉन स्टुअर्ट हा कृष्णवर्णी ग्रीन लँटर्न होता. चित्रकथेत तो १९७१ च्या अखेरीसच आलेला. २०११ मध्ये हॅल जॉर्डनवर चित्रपट निघाला तेव्हा या मालिकेवर वाढलेल्या काही प्रेक्षकांना हा गौरवर्णी तरुणच उपरा वाटला.

पण युक्तिवाद चुकीचा असला तरी वेदना खोटी ठरत नाही. नामाच्या दृष्टीने पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो. १९४० मध्ये ‘ग्रीन लँटर्न’ हे विशेषनाम होते. १९५९ नंतर, विश्वाच्या ३,६०० विभागांवर नेमलेल्या दलाची कल्पना आल्यामुळे, ते पदनाम झाले. पदावरील व्यक्ती बदलू शकते, हे वाचकांना मान्य होते. गाय गार्डनर व जॉन स्टुअर्ट यांनी ते पद भूषविले तेव्हा कोणी संघटना काढली नव्हती. १९९४ मध्ये केवळ पदाधिकारी बदलला असता तर कदाचित एवढा क्षोभ झाला नसता. येथे पूर्वीच्या पदाधिकाऱ्याचे चारित्र्यच उलटविले गेले. वाक्याच्या शेवटी आलेले ‘नाही’ जसे आधीच्या सर्व शब्दांचा अर्थ फिरविते, तसे या तीन अंकांनी पस्तीस वर्षांच्या कथांचे केले. त्या साऱ्या एका हत्याऱ्याचे पूर्वचरित्र ठरल्या. वाचकाच्या बालपणातील एक भला माणूस भला नव्हता, असे त्याला सांगण्यात आले आणि तेही घाईने, तीन अंकांत.

४

या विरोधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नव्या मालिकेच्या ५४ व्या अंकात, त्याच वर्षी, कायलची प्रेयसी ॲलेक्झांड्रा डीविट हिची हत्या होऊन तिचे प्रेत शीतकपाटात ठेवल्याचे दाखविले आहे. हॅलच्या अब्रूसाठी झगडणाऱ्यांचे मुख्य गाऱ्हाणे हे नव्हते. नायकाला चेव यावा एवढ्यासाठी स्त्रीपात्रांचा असा बळी किती वेळा दिला जातो, याची यादी गेल सिमोन या वाचक स्त्रीने १९९९ मध्ये केली आणि तिला या प्रसंगावरूनच नाव पडले. ती पुढे स्वतः नामवंत चित्रकथालेखिका झाली. एकाच मासिकाचे दोन प्रकारचे वाचक दोन निरनिराळ्या अन्यायांकडे पाहत होते. एकाला आठवणीचा भंग दिसला, दुसऱ्याला कथनाची खोड दिसली. चित्रकथालेखनाच्या दृष्टीने दुसरी दृष्टी अधिक फलदायी ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

५

प्रकाशकांनी हळूहळू माघार घेतली. १९९६ मध्ये विझणाऱ्या सूर्याला चेतविण्यासाठी हॅलने आत्मार्पण केल्याचे दाखविण्यात आले; १९९९ मध्ये त्याला ‘स्पेक्टर’ या दैवी दंडकर्त्याचे रूप मिळाले. शेवटी २००४-०५ मध्ये जेफ जॉन्स व ईथन व्हॅन सायव्हर यांच्या ‘ग्रीन लँटर्न : रीबर्थ’ या सहा अंकांच्या कथेने त्याला मूळ पदावर आणले.

हे कसे साधले, ते आपल्याकडील भाष्यपरंपरा जाणणाऱ्याला परिचित वाटेल. १९९४ मधील एकही प्रसंग रद्द करण्यात आला नाही. त्यांचा विरोधपरिहार करण्यात आला. पॅरलॅक्स म्हणजे हॅल नव्हे, ती भयाची पिवळी, पुरातन शक्ती असून मुख्य दिव्यात कोंडलेली होती आणि तिने हॅलला ग्रासले, असा अर्थ लावला गेला. पिवळ्या रंगापुढे अंगठी का दुबळी होती, हॅलच्या कानशिलांवरचे केस अकाली का पांढरे झाले, या जुन्या खुणांचीही त्याच सूत्रात संगती लावली गेली. पूर्वसूरींचे वचन खोडावयाचे नाही, पण त्याचा अर्थ मात्र आपल्याला हवा तसा लावावयाचा, ही भाष्यकाराचीच रीत होय. कायल रेनरलाही घालवून देण्यात आले नाही. दहा वर्षांत त्याचेही वाचक तयार झाले होते आणि त्यांच्या दृष्टीने तोच ‘मूळ’ होता.

या इतिहासावरून असे दिसते की, जुना वाचक बदलाचा शत्रू असतो हा समज बरोबर नाही. १९५९ चा बदल १९९४ च्या बदलापेक्षा मोठा होता. त्यात नाव आणि शपथ यांपलीकडे फारसे काही शिल्लक नव्हते. तरी तो पचला, कारण त्याने जुन्याला जागा दिली. १९९४ च्या बदलाने जुन्याची साक्षच खोटी ठरविली. वाचकाला स्मरण करावयास शिकवून मग त्याच स्मरणाला अडगळ म्हणणे, हा व्यवहार फार काळ चालू शकला नाही. दहा वर्षांनी त्या स्मरणाचेच भाष्य छापून विकावे लागले.